बंद केलेली फाइल उघडी कशी राहते?

पेन ड्राइव्हवरच्या सगळ्या फाइली बंद केल्या, तरी तो अजून वापरात आहे म्हणून लिनक्स काढू देत नाही. सर्व्हरवरची अवाढव्य लॉग फाइल पुसून टाकली, तरी डिस्कवरची जागा मोकळी होत नाही. सर्व्हर प्रोग्राम थांबवून पुन्हा सुरू करायला जावं, तर पोर्ट आधीच कुणीतरी घेतलेलं असतं. आणि सी भाषा शिकणारा विद्यार्थी आपल्या प्रोग्राममधून 'सॉर्ट'ला नावांची यादी पाठवतो, क्रमाने लावलेली नावं परत येण्याची वाट बघत बसतो, पण ती येतच नाहीत. चूक झाल्याचा एकही संदेश न दाखवता दोन्ही प्रोग्राम जागच्या जागी थांबून राहतात.

ही चार कोडी वरवर वेगळी दिसतात. पण त्यांच्यामागे बरेचदा एकच कारण निघतं: आपण बंद केलेली गोष्ट आणखी कुणीतरी उघडी धरून ठेवलेली असते. हा 'आणखी कुणीतरी' म्हणजे बहुधा आपल्याच प्रोग्रामने सुरू केलेला दुसरा प्रोग्राम असतो, आणि आपण काय धरून ठेवलं आहे याची त्यालाही कल्पना नसते. हे कसं घडतं आणि सी भाषेत ते कसं टाळायचं, ते एकेका पायरीने पाहू.

## हातात फाइल नसते, क्रमांक असतो

लिनक्स, मॅकओएस, फ्रीबीएसडी अशा युनिक्स पद्धतीच्या प्रणालींमध्ये कोणताही साधा प्रोग्राम डिस्कला थेट हात लावत नाही. फाइल उघडायची असेल, तर तो कर्नलला विनंती करतो. कर्नल म्हणजे सगळं यंत्र सांभाळणारा, प्रणालीच्या गाभ्यातला प्रोग्राम. कर्नल फाइल उघडतो, तिची नोंद स्वतःकडे ठेवतो आणि विनंती करणाऱ्याला एक छोटा पूर्णांक देतो: ३, ४ किंवा ५. या क्रमांकाला 'फाइल डिस्क्रिप्टर' म्हणतात. पुढचं वाचणं, लिहिणं, बंद करणं या क्रमांकावरच चालतं.

मंदिराबाहेरच्या चप्पल स्टँडवर हीच पद्धत असते. चपला आत खणात राहतात आणि आपल्या हातात येतो क्रमांकाचा बिल्ला. खणापर्यंत आपण जात नाही; बिल्ला दाखवला की पुढचं काम स्टँडवाला करतो. इथे खण म्हणजे कर्नलकडची उघड्या फाइलीची नोंद आणि बिल्ला म्हणजे डिस्क्रिप्टर.

फक्त दोन फरक लक्षात ठेवावे लागतात. पहिला, बिल्ल्यांचे क्रमांक प्रत्येक प्रोसेसचे, म्हणजे चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामचे, वेगवेगळे असतात. माझा ३ आणि तुमचा ३ यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. दुसरा, एकाच खणाचे अनेक बिल्ले असू शकतात, आणि शेवटचा बिल्ला परत आल्याशिवाय कर्नल तो खण रिकामा करत नाही. या लेखातली जवळजवळ प्रत्येक अडचण या दुसऱ्या फरकातून येते.

पहिले तीन क्रमांक प्रथेने ठरलेले आहेत. ० वरून प्रोग्राम माहिती वाचतो, १ वर उत्तर लिहितो आणि २ वर चुकांचे संदेश लिहितो. टर्मिनलमध्ये काम करताना हे तिन्ही टर्मिनललाच जोडलेले असतात. आणखी एक नियम पुढे उपयोगी पडेल: नवा क्रमांक देताना कर्नल नेहमी त्या प्रोसेसचा सर्वांत लहान मोकळा क्रमांक देतो.

## फोर्क आणि एक्झेक

युनिक्समध्ये नवा प्रोग्राम सुरू करण्याच्या दोन पायऱ्या आहेत. 'फोर्क' चालू प्रोसेसची हुबेहूब प्रत काढतो. मूळ प्रोसेसला पेरेंट आणि प्रतीला चाइल्ड म्हणतात. मग चाइल्ड 'एक्झेक' करते, म्हणजे स्वतःमधला जुना प्रोग्राम टाकून देऊन त्या जागी नवा प्रोग्राम चढवते.

ही मांडणी बेल लॅब्जमध्ये १९७० च्या सुमारास केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या कामातून आली. पीडीपी-७ या छोट्या यंत्रावर फोर्कसाठी असेंब्ली भाषेच्या अवघ्या २७ ओळी लागल्या, असं रिची यांनी लिहून ठेवलं आहे. एवढ्या थोडक्यात काम झालं, कारण फोर्कला फारसं काही ठरवावंच लागत नाही. जे आहे त्याची प्रत काढायची, एवढंच त्याचं काम.

या प्रतीत बिल्लेही येतात. पेरेंटकडे ०, १, २, ३ आणि ४ असतील, तर चाइल्डकडेही तेच क्रमांक येतात आणि ते त्याच खणांचे असतात. फाइलमध्ये आपण कुठपर्यंत वाचलं किंवा लिहिलं ही खूण खणात असते, बिल्ल्यावर नसते. त्यामुळे तीही दोघांची सामाईक होते. शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, दोन आज्ञा कंसात घालून त्यांचं उत्तर एकाच फाइलीत पाठवलं, की दुसरीचं लिखाण पहिलीच्या पुढे जोडलं जातं, तिच्यावर चढत नाही. ते या सामाईक खुणेमुळेच.

महत्त्वाची गोष्ट एक्झेकची. जुना प्रोग्राम जातो, त्याची स्मृती जाते, चल आणि फंक्शन्स सगळं पुसलं जातं. पण बिल्ले राहतात. नवा प्रोग्राम सुरू होतो तेव्हा त्याच्याकडे ३ आणि ४ हे क्रमांक उघडेच असतात. हे क्रमांक कशाचे आहेत हे ज्या चलांमध्ये लिहिलेलं होतं, ते मात्र पुसलं गेलेलं असतं. उघडी फाइल आहे आणि तिचा पत्ता कुणालाच नाही. याला डिस्क्रिप्टरची गळती म्हणतात.

## हा वारसा मुळात कशासाठी?

असं असेल तर एक्झेकनेच सगळं बंद का करू नये? कारण युनिक्सची एक मोठी सोय या वारशावर उभी आहे. शेलमध्ये फाइलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस' या आज्ञेचं उत्तर पडद्याऐवजी 'यादी' नावाच्या फाइलीत पाठवायला सांगितलं, तर काय घडतं ते पाहा.

शेल फोर्क करतं. चाइल्ड 'यादी' उघडते आणि तिला ३ हा क्रमांक मिळतो. मग चाइल्ड 'डुप-टू' या फंक्शनला सांगते: ३ ची प्रत १ या क्रमांकावर कर. डुप-टू आधी जुना १ बंद करतं आणि त्या जागी 'यादी'चा बिल्ला ठेवतं. ही सगळी कृती एका अखंड पायरीत होते. ३ ची आता गरज उरलेली नसते, म्हणून चाइल्ड तो बंद करते आणि 'एलएस'साठी एक्झेक करते. 'एलएस' नेहमीप्रमाणे १ वर लिहितं. तो १ पडद्याकडे जातो की फाइलीकडे, याची त्याला चौकशीच करावी लागत नाही.

फोर्क आणि एक्झेक यांच्या मधल्या या छोट्या जागेत चाइल्ड आपलं सगळं जोडकाम उरकून घेते, आणि 'एलएस'च्या मूळ मजकुरात त्यासाठी एक अक्षरही बदलावं लागत नाही. जोडणीचा क्रम मात्र सांभाळावा लागतो. उत्तर आणि चुकांचे संदेश दोन्ही एकाच फाइलीत हवे असतील, तर आधी १ फाइलीकडे वळवायचा आणि मग २ ला १ ची प्रत करायचं. उलट केलं, तर २ ला पडद्याकडे जाणाऱ्या जुन्या १ ची प्रत मिळते आणि चुका पडद्यावरच उमटत राहतात.

## पाइपचं टोक कुणाकडे राहिलं?

डग मॅकिल्रॉय यांच्या आग्रहामुळे १९७३ मध्ये युनिक्समध्ये 'पाइप' आला आणि एका प्रोग्रामचं उत्तर दुसऱ्याला थेट देता येऊ लागलं. 'पाइप' हे फंक्शन दोन डिस्क्रिप्टर देतं, एक वाचण्याचा आणि एक लिहिण्याचा. लिहिलेलं कर्नलच्या स्मृतीत साठतं आणि दुसऱ्या टोकाकडून वाचलं जातं.

आता त्या विद्यार्थ्याच्या अडकलेल्या प्रोग्रामकडे येऊ. पाइप तयार केल्यावर समजा वाचण्याचं टोक ३ आणि लिहिण्याचं ४ आहे. फोर्कनंतर पेरेंटकडे ३ आणि ४ राहतात, चाइल्डकडेही ३ आणि ४ येतात. चाइल्डने ३ ची प्रत ० वर केली, ३ बंद केला आणि 'सॉर्ट'साठी एक्झेक केलं. पेरेंटने नावं ४ वर लिहिली, आपला ४ बंद केला आणि चाइल्ड संपण्याची वाट पाहू लागला.

'सॉर्ट'ला शेवटचं नाव येईपर्यंत काहीही छापता येत नाही, कारण वर्णक्रमात पहिलं ठरणारं नाव सगळ्यांत शेवटी येऊ शकतं. म्हणून ते पाइप संपल्याच्या खुणेची वाट पाहतं. ही खूण कर्नल कधी देतो? पाइपमध्ये लिहू शकणारा एकही बिल्ला जगात उरला नाही, तेव्हाच. इथे एक उरला आहे: चाइल्डने बंद न केलेला ४. म्हणजे 'सॉर्ट'च्या पाइपमध्ये लिहू शकणारी एकमेव प्रोसेस खुद्द 'सॉर्ट' आहे. ते स्वतःचीच वाट पाहत आहे आणि ते त्याला कधीच कळणार नाही.

म्हणून पाइपचा नियम कडक आहे: ज्या टोकाचा आपल्याला उपयोग नाही, ते फोर्क होताच दोन्ही बाजूंनी बंद करायचं. चाइल्डने ४ बंद करायचा आणि पेरेंटने ३. पेरेंटचा ३ उघडा राहिला तरी नुकसान होतं, फक्त वेगळ्या प्रकारचं. 'सॉर्ट' अर्ध्यात कोसळलं, तर एरवी कर्नल पेरेंटला 'सिगपाइप' हा संकेत पाठवून वाचणारं कुणी उरलं नाही असं कळवतो. पण पेरेंटच्या हातातच वाचण्याचं टोक असेल, तर कर्नलच्या लेखी वाचणारा अजून हजर आहे. पाइप भरतो आणि पेरेंट कायमचा अडकतो.

## दुसरी चाइल्ड आली की

दोन्ही बाजूंनी नीट बंद केलं, चाचणी यशस्वी झाली, प्रोग्राम कामाला लागला. काही महिन्यांनी कुणीतरी त्यात भर घातली: 'सॉर्ट' चालू असतानाच तो आता आणखी एक चाइल्ड सुरू करतो, समजा नोंदी ठेवणारी एखादी सेवा.

ही सेवा सुरू करण्यासाठी फोर्क झाला, त्या क्षणी पेरेंटकडे 'सॉर्ट'च्या पाइपचा ४ उघडा होता. साहजिकच तो सेवेकडेही गेला. यथावकाश पेरेंटने आपला ४ बंद केला, पण सेवेकडचा ४ उघडाच आहे. सेवा चालू आहे तोवर 'सॉर्ट'ला शेवटची खूण मिळणार नाही, आणि सेवा तर महिनोन्‌महिने चालण्यासाठीच लिहिलेली असते. तिच्या मजकुरात काहीच चुकीचं नाही. तिच्या लेखी ४ हा क्रमांकच अस्तित्वात नाही.

सुरुवातीची बाकीची तीन कोडीही अशीच सुटतात. पेन ड्राइव्हवरच्या फाइलीचा बिल्ला एखाद्या चाइल्डकडे राहिला, तर कर्नल ड्राइव्ह सोडत नाही. पुसलेल्या लॉग फाइलीचं नाव निर्देशिकेतून जातं, पण कुणाकडे तिचा बिल्ला आहे तोवर तिने व्यापलेली जागा जात नाही. सर्व्हर संपला तरी त्याने सुरू केलेल्या चाइल्डकडे पोर्टवर ऐकणाऱ्या सॉकेटचा, म्हणजे नेटवर्क जोडणीच्या टोकाचा, बिल्ला असेल, तर पोर्ट मोकळं होत नाही. 'फ्लॉक' या फंक्शनने लावलेलं कुलूपही असंच वारशाने जातं, आणि मूळ प्रोग्राम संपून गेल्यावरही कुलूप लागलेलंच राहतं.

## एक्झेक होताच बंद

प्रत्येक फोर्कनंतर आठवणीने सगळं बंद करणं मोठ्या प्रोग्राममध्ये जमत नाही. फाइल उघडणारी लायब्ररी एकाची असते, चाइल्ड सुरू करणारी दुसऱ्याची, आणि दोघांना एकमेकांचे क्रमांक ठाऊक नसतात. त्यासाठी प्रत्येक डिस्क्रिप्टरला एक निशाण लावता येतं: 'क्लोज-ऑन-एक्झेक'. हे निशाण असलेला डिस्क्रिप्टर फोर्कमधून चाइल्डकडे जातो, पण एक्झेक यशस्वी होताच कर्नल तो आपणहून बंद करतो.

बरीच वर्षं हे निशाण लावायची रीत दोन पायऱ्यांची होती: आधी फाइल उघडायची, मग वेगळ्या फंक्शनने निशाण लावायचं. एकाच प्रोग्राममध्ये अनेक थ्रेड, म्हणजे समांतर चालणारे कामाचे धागे, असतील तर या दोन पायऱ्यांमध्ये धोका आहे. एका थ्रेडने फाइल उघडली, निशाण लावायच्या आत दुसऱ्या थ्रेडने फोर्क आणि एक्झेक केलं, की बिल्ला निसटलाच. असं क्वचित घडतं, म्हणूनच चाचणीत ते सापडत नाही.

उपाय म्हणून निशाण उघडण्याच्या क्रियेतच सामावून घेतलं गेलं. 'ओ-क्लोएक्झेक' हा पर्याय दिला की फाइल निशाणासकटच उघडते. लिनक्समध्ये तो २००७ साली २.६.२३ या आवृत्तीत आला, आणि युनिक्स प्रणालींचं सामाईक प्रमाण असलेल्या 'पोझिक्स'ने तो २००८ च्या आवृत्तीत स्वीकारला. पाठोपाठ लिनक्समध्ये सॉकेट आणि पाइप यांच्यासाठीही तशी सोय झाली. निशाणासकट पाइप देणारं 'पाइप-टू' हे फंक्शन २००८ सालचं आहे.

मग चाइल्डला जे द्यायचंच आहे, ते कसं द्यायचं? इथे डुप-टूचा एक गुण उपयोगी पडतो: त्याने केलेल्या प्रतीवर निशाण नसतं. त्यामुळे सगळं काही निशाणासकट उघडायचं आणि चाइल्डला जे हवं, तेवढंच फोर्कनंतर डुप-टूने ०, १ किंवा २ वर ठेवायचं. एक्झेक होताच बाकीचं बंद होतं आणि मोजके क्रमांक मागे राहतात.

एक कोपरा तेवढा जपायचा. ज्या क्रमांकावर प्रत करायची, तोच क्रमांक योगायोगाने मूळ डिस्क्रिप्टरचा निघाला, तर डुप-टू काहीच करत नाही आणि निशाण तसंच राहतं. मुळात ० बंद असलेल्या प्रोग्रामने पाइप बनवला की सर्वांत लहान मोकळ्या क्रमांकाच्या नियमाने हे सहज घडतं. अशा वेळी निशाण स्वतः काढायचं आणि तो क्रमांक बंद करायचा नाही.

## गळतीची खरी किंमत

डिस्क्रिप्टर गळणं म्हणजे नुसता गबाळेपणा नाही, त्यातून सुरक्षेला भोकं पडतात. फाइल उघडण्याची परवानगी कर्नल उघडतानाच तपासतो. नंतर बिल्ला ज्याच्या हातात, त्याला वाचता येतं. संपूर्ण अधिकार असलेल्या प्रोग्रामने गुप्त फाइल उघडली आणि मग अधिकार सोडून एखादा साधा प्रोग्राम सुरू केला, तर गळालेल्या बिल्ल्यासकट ती फाइल त्या साध्या प्रोग्रामला खुली होते.

याचं ठळक उदाहरण जानेवारी २०२४ मधलं. 'रन-सी' हे डॉकर आणि कुबरनेटिस यांच्या खाली काम करणारं साधन कंटेनर सुरू करतं. कंटेनर म्हणजे यजमान यंत्रापासून अलग ठेवलेली प्रोग्रामची बंदिस्त जागा. रन-सीच्या १.१.११ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये यजमान यंत्रावरच्या एका निर्देशिकेचा अंतर्गत डिस्क्रिप्टर, कंटेनर उभारणाऱ्या प्रोसेसकडे गळत होता. कंटेनरची चालू निर्देशिका म्हणून या गळालेल्या क्रमांकाचा पत्ता दिला की आतल्या प्रोग्रामला यजमानाची संपूर्ण फाइल प्रणाली हाताशी येत होती. १.१.१२ या आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली. त्या दुरुस्तीत चालू निर्देशिका खरोखर कंटेनरच्या आत आहे का, हे तपासणं आलं, आणि एक्झेकच्या अगदी आधी सगळे अंतर्गत डिस्क्रिप्टर बंद करणंही आलं. जाणकारांनी सांभाळलेल्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्राममध्ये हे घडलं, यावरून ही चूक किती सहज होते ते दिसतं.

## सरसकट बंद करायचं तर

आपल्या प्रोग्राममध्ये दुसऱ्यांच्या लायब्ररी असतात आणि त्या निशाण लावतीलच याची खात्री नसते. म्हणून चाइल्डमध्ये एक्झेकच्या आधी ३ पासून वरचे सगळे क्रमांक बंद करण्याची जुनी रीत आहे. उघडे कोणते हे माहीत नसल्यामुळे शक्य असलेल्या प्रत्येक क्रमांकावर 'क्लोज' बोलावलं जायचं. मर्यादा १,०२४ असेल तोवर हे ठीक होतं. काही कंटेनरमध्ये ती १०० कोटींच्याही पुढे नेलेली असते. मग एक साधा प्रोग्राम सुरू करायलाही कितीतरी वेळ लागतो आणि तोवर प्रोसेसर नुसता तापत राहतो.

२०२० मध्ये लिनक्सच्या ५.९ आवृत्तीत 'क्लोज-रेंज' आलं. अमुक क्रमांकापासून तमुक क्रमांकापर्यंत सगळं बंद करा, ही एकच विनंती. उघडे कोणते हे कर्नलला ठाऊकच असतं. ५.११ पासून त्याला बंद करण्याऐवजी नुसतं निशाण लावायलाही सांगता येतं.

## एक्झेक फसलं, हे पेरेंटला कसं कळावं?

हेच निशाण वापरून एक फार उपयोगी रचना करता येते. चाइल्ड फोर्कनंतर एक्झेक करते, पण तो प्रोग्राम डिस्कवर नसलाच तर? एक्झेक फसतं ते चाइल्डमध्ये. पेरेंटला तर फोर्क यशस्वी झाल्याचंच दिसलेलं असतं.

म्हणून फोर्कच्या आधी पेरेंटने निशाण लावलेला एक जादा पाइप बनवायचा. फोर्कनंतर लिहिण्याचं आपलं टोक बंद करायचं आणि दुसऱ्या टोकावर वाचत थांबायचं. चाइल्डचं एक्झेक यशस्वी झालं, तर निशाणामुळे तिच्याकडचं लिहिण्याचं टोक आपोआप बंद होतं आणि पेरेंटला रिकाम्या पाइपचा शेवट दिसतो: सगळं ठीक. एक्झेक फसलं, तर चाइल्ड काय चुकलं ते सांगणारा क्रमांक पाइपमध्ये लिहिते आणि संपते. सगळे बिल्ले परत आल्यावरच पाइप संपतो, हा विद्यार्थ्याला अडकवणारा नियम इथे नेमका निरोप पोहोचवतो.

## आणखी दोन ठेचा

फोर्क स्मृतीची प्रत काढतो, म्हणजे 'प्रिंटएफ'ने साठवलेल्या पण अजून फाइलीत न गेलेल्या मजकुराचीही प्रत निघते. चाइल्ड नेहमीच्या 'एक्झिट'ने संपली, तर तो मजकूर दोनदा लिहिला जातो. म्हणून फोर्कच्या आधी 'एफफ्लश' करावं, आणि एक्झेक फसल्यावर चाइल्डने साठा न रिकामा करणाऱ्या 'अंडरस्कोर-एक्झिट'ने बाहेर पडावं.

दुसरी ठेच पाइपच्या मापाची. लिनक्सवर पाइपमध्ये साधारणपणे ६५,५३६ बाइट मावतात. चाइल्डला एका पाइपने माहिती द्यायची आणि दुसऱ्या पाइपने उत्तर घ्यायचं असेल, तर आधी सगळं लिहून मग वाचू म्हणणारा पेरेंट अडकू शकतो. चाइल्डचा उत्तराचा पाइप भरला की ती वाचणं थांबवते, मग पेरेंटचा पाइप भरतो, आणि दोघंही एकमेकांची वाट पाहत राहतात. कोणतं टोक तयार आहे हे 'पोल'ला विचारत आलटून पालटून वाचणं-लिहिणं, हा यावरचा उपाय.

चौकट: थोडक्यात

- शेवटचा डिस्क्रिप्टर बंद होईपर्यंत फाइल, पाइप किंवा सॉकेट उघडंच राहतं.
- फोर्क सगळे डिस्क्रिप्टर चाइल्डला देतो. निशाण नसलेले एक्झेकनंतरही उघडे राहतात.
- प्रत्येक फाइल, पाइप आणि सॉकेट निशाणासकटच उघडावं. निशाण मागाहून लावू नये.
- चाइल्डला हवे ते डिस्क्रिप्टर डुप-टूने ०, १, २ वर ठेवावेत.
- पाइपचं नको असलेलं टोक फोर्क होताच दोन्ही बाजूंनी बंद करावं.
- परक्या लायब्ररींचा भरवसा नसेल, तर एक्झेकच्या आधी ३ पासून पुढे क्लोज-रेंज करावं.
- साध्या गरजेसाठी 'पोझिक्स-स्पॉन' वापरावं; कोणता क्रमांक उघडायचा, बंद करायचा किंवा कुठे प्रत करायचा याची यादी त्याला आधीच देता येते.

## सवय उलटी करायला हवी

युनिक्सच्या जन्मकाळी प्रोग्राम लहान होते, थ्रेड नव्हते आणि सगळं चाइल्डला देऊन टाकणं सोयीचं होतं. आज एकाच प्रोग्राममध्ये शेकडो फाइली, सॉकेट आणि अनोळखी लायब्ररी एकत्र नांदतात. विंडोजमध्ये हँडल चाइल्डकडे जावं असं मुद्दाम सांगावं लागतं. पायथॉनने २०१४ साली ३.४ आवृत्तीत हाच मार्ग धरला: तिथे नवा डिस्क्रिप्टर आता वारशाने जात नाही. गो आणि रस्ट या भाषांच्या प्रमाण लायब्ररीही फाइल उघडताना निशाण लावतात. सी मात्र अजूनही पूर्वीच्याच नियमाने चालते, कारण तो नियम बदलला तर पन्नास वर्षांचे प्रोग्राम मोडतील. त्यामुळे सीमध्ये ही जबाबदारी लिहिणाऱ्याचीच आहे: चाइल्डला काहीही द्यायचं नाही असं धरून चालायचं आणि जे द्यायचं, ते नाव घेऊन द्यायचं.

आपला प्रोग्राम हे पाळतो का, हे लिनक्सवर मिनिटभरात तपासता येतं. त्याच्याकडून चाइल्ड म्हणून 'एलएस' चालवा आणि त्याला 'प्रॉक' निर्देशिकेतल्या 'सेल्फ'खालची 'एफडी' ही निर्देशिका दाखवायला सांगा. ०, १, २ आणि ३ एवढेच क्रमांक दिसायला हवेत. त्यातला ३ 'एलएस'ने ती निर्देशिका वाचण्यासाठी स्वतः उघडलेला असतो. त्याव्यतिरिक्त एकही क्रमांक दिसला, तर तो आपल्याच प्रोग्राममधून गळलेला आहे असं समजा आणि तो कुठे उघडला होता, ते आजच शोधून काढा.